मर्यादावेल : तंजावूरचा राजवाडा आणि वाळूतले एक फूल

मराठी भाषेने वनस्पतींना दिलेली नावे पाहिली तर काही नावे रूपावरून, काही गुणांवरून, तर काही वासावरून किंवा फुलण्याच्या वेळेवरून आलेली दिसतात. ‘मर्यादावेल’ हे नाव या सर्वांहून निराळे आहे. ते वनस्पतीच्या स्थानावरून आलेले आहे. कोकणच्या पुळणीवर भरतीची शेवटची लाट जेथे फेस टाकून परत फिरते, तेथून थोडे वर, उघड्या वाळूत ही वेल पसरलेली असते. समुद्राची हद्द जेथे संपते तेथे ती सुरू होते, म्हणून ती मर्यादावेल. रताळे, गणेशवेल आणि तळ्यातील नाळीची भाजी यांच्या प्रजातीतील ही वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव ‘आयपोमिया पेस-काप्री’ असे आहे. जांभळट गुलाबी रंगाची, नरसाळ्याच्या आकाराची तिची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. पाने जाड, गुळगुळीत आणि टोकाशी दुभंगलेली असतात. दसऱ्याला सोने म्हणून लुटल्या जाणाऱ्या आपट्याच्या पानाची त्यांना पाहून आठवण व्हावी, इतके हे साम्य स्पष्ट आहे.

तंजावूर हे समुद्रकाठचे गाव नव्हे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्यावर, किनाऱ्यापासून बरेच आत ते वसलेले आहे. तरीही तेथील मराठी राजवाड्याच्या इतिहासाचा विचार या किनाऱ्यावरच्या वेलीच्या अंगाने करण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, वनस्पतींचे आधुनिक, वर्गीकरणयुक्त अध्ययन दक्षिण भारतात जेथे रुजले ती भूमी म्हणजे तंजावूरच्या राज्याचीच वालुकामय किनारपट्टी होय. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या राजाने हे अध्ययन राजवाड्यात आणले, त्याच्या सत्तेला इतिहासाने एक कठोर मर्यादा घातली होती. त्या मर्यादेच्या आत राहून त्याने काय वाढवले, हा तंजावूरच्या मराठी संस्कृतीपुढील मूलभूत प्रश्न आहे.

या वेलीची वाङ्मयातील ओळख फार जुनी आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रचल्या गेलेल्या तमिळ संगम काव्यात भूप्रदेशाचे पाच विभाग मानले गेले आणि प्रत्येकाला एका वनस्पतीचे नाव देण्यात आले. त्यांपैकी समुद्रकिनाऱ्याचा विभाग तो ‘नेय्दल’. विरहाचा आणि वाट पाहण्याचा भाव त्याच्याशी जोडलेला आहे. या नेय्दल कवितांत वाळूच्या टेकाडांवर पसरलेली ‘अडुम्बु’ ही वेल वारंवार येते. मुली तिची फुले खुडतात, प्रियकराच्या रथाची चाके तिला तुडवीत जातात, आणि तिच्या दुभंगलेल्या पानाला हरणाच्या खुराची उपमा दिली जाते. ही अडुम्बु म्हणजेच मराठीतील मर्यादावेल. तमिळ कवीला तिच्यात हरणाचा खूर दिसला आणि युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना बकरीचा. ‘पेस-काप्री’ या लॅटिन शब्दांचा अर्थ बकरीचा पाय असाच आहे.

तमिळ प्रदेशातून लॅटिन ग्रंथात जाण्याचा तिचा मार्गही उद्बोधक आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या अकराव्या खंडात ही वेल चित्रासह आली असून तिचे मलयाळम नाव रोमन लिपीत नोंदवलेले आहे. त्या नावाच्या उत्तरार्धात ‘अडम्बु’ हा शब्द स्पष्ट ओळखू येतो. या ग्रंथासाठी माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते. त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी भाषक वैद्यही होते. त्या तिघांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या वेलीला लॅटिन द्विनाम दिले आणि १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राउनने तिला आजच्या प्रजातीत स्थान दिले. संगम कवींनी ज्या वेलीला नाव दिले तिचे नाव वैद्यांच्या तोंडून डच ग्रंथात व तेथून स्वीडिश शास्त्रज्ञाच्या टिपणात पोचले. ज्ञानाच्या या प्रवासात राजसत्तेचा वाटा अल्प होता. वाळूत वाकून पान उचलणाऱ्या माणसांचा वाटा मोठा होता.

तंजावूरच्या राज्याचा या प्रवासाशी संबंध येतो तो तरंगंबाडीमुळे. १६२० मध्ये तंजावूरच्या रघुनाथ नायकाने किनाऱ्यावरील हे गाव डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वार्षिक खंडणीच्या कराराने दिले. युरोपीय लेखनात ते ‘ट्रँकेबार’ म्हणून प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावूर घेतले आणि मराठी राज्य सुरू झाले, त्यानंतरही डॅनिश वसाहत तेथेच राहिली. १७०६ पासून जर्मनीतील हाले येथून शिक्षित झालेले मिशनरी तेथे येऊ लागले. धर्मप्रसार हा त्यांचा उद्देश होता, परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी तमिळ भाषेचा, शंखशिंपल्यांचा, माशांचा आणि वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला. १७६८ मध्ये योहान गेरहार्ड कनिग हा वैद्य तरंगंबाडीस आला. तो लिनियसचा प्रत्यक्ष शिष्य होता. वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीचा भारतात पद्धतशीर वापर त्याच्यापासून सुरू झाला असे मानले जाते. त्याच्या सहवासात तेथील मिशनऱ्यांमध्ये वनस्पतिसंग्रहाची एक परंपरा निर्माण झाली. क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन आणि योहान पीटर रॉटलर ही त्या परंपरेतील ठळक नावे होत. रॉटलर १७७६ मध्ये आला आणि १८३६ मध्ये मद्रास येथे वारला. साठ वर्षांच्या या काळात त्याने जमविलेला वनस्पतिसंग्रह आज लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात जतन केलेला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या अभ्यासकांच्या दारात सुपीक शेतजमीन नव्हती. त्यांच्या दारात वाळू होती. कावेरीच्या भातखाचरांनी ज्या पट्टीला निरुपयोगी ठरविले होते, त्या पट्टीवरच वनस्पतींकडे नव्या दृष्टीने पाहण्यास आरंभ झाला. मर्यादावेल, केवडा आणि ज्याला तमिळ लोक ‘रावणाची मिशी’ म्हणतात ते टोकदार गवत, अशी त्या पट्टीवरची संपदा होती. शेतकऱ्याला तिच्यातून उत्पन्न नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र उत्पन्नाची अट नव्हती. जे उगवते ते सर्व नोंदीस पात्र, हा त्या शास्त्राचा पहिला नियम होता.

हा नियम राजवाड्यात कसा पोचला, हे समजण्यासाठी सरफोजीराजे दुसरे यांच्या चरित्राकडे वळावे लागते. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजे यांनी त्यांना दत्तक घेतले व १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांच्या संगोपनाचा भार क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ या मिशनऱ्यावर सोपविला. श्वार्ट्झ हा तरंगंबाडीच्याच परंपरेतून आलेला होता. तुळजाराजांच्या पश्चात अमरसिंह गादीवर बसले. सरफोजींना काही काळ सुरक्षिततेसाठी मद्रास येथे ठेवण्यात आले आणि तेथेही त्यांचे शिक्षण मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते तंजावूरच्या गादीवर आले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने राज्याचा मुलकी व लष्करी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि राज्याच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

वयाच्या बाविसाव्या वर्षी राज्याची सीमा किल्ल्याच्या तटापर्यंत आलेला राजा पुढील तेहतीस वर्षे काय करतो? समकालीन संस्थानिकांपैकी अनेकांनी या प्रश्नाचे उत्तर दरबारी डामडौलात शोधले. सरफोजींच्या दरबारातही डामडौल होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांच्या आयुष्याचा भर निराळ्या कामावर राहिला. त्यांनी सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह कित्येक पटींनी वाढविला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला आणि त्यावर मराठी ग्रंथ छापविले. इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर त्यांपैकीच एक. ‘देवेंद्र कुरवंजी’ या त्यांच्या मराठी नाट्यरचनेत भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला आहे. समुद्रांची, खंडांची आणि देशांची नावे गाण्यांतून सांगणारी ही भटकी स्त्री दक्षिणी नाट्यपरंपरेतली होती. तिने सांगितलेले ज्ञान मात्र नव्या नकाशांतले होते.

धन्वंतरी महाल ही या कामाची दुसरी बाजू होय. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या चारही पद्धतींची औषधे अभ्यासली जात. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आले आणि विसाव्या शतकात ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैहळ’ या नावाने रोगवार खंडांत प्रसिद्ध झाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही ग्रंथालयात आहेत. औषधी वनस्पतींची बाग हा या सर्व उद्योगाचा आधार होता. पशू, पक्षी आणि वनस्पती यांची चित्रे काढण्यासाठी दरबारी चित्रकार नेमलेले होते. तंजावूरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याच्याकडे अशा चित्रांचा एक संच गेला आणि तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८२६ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर याने राजांची भेट घेतली. लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले राजे सहज देतात, अशी नोंद त्याने आश्चर्याने केली.

हीबरच्या आश्चर्याचे मूळ त्याच्या अपेक्षेत होते. वस्तुतः आश्चर्य वाटावे असे काही असेल तर ते निराळेच आहे. टॉरिनला १८०१ मध्ये पाठविलेल्या पत्रात सरफोजींनी रामेश्वरच्या वाटेवरील धर्मछत्रांची तरफदारी केली आहे. यात्रेकरूंना तेथे अन्न मिळते, मुलांना शिक्षण मिळते, आजाऱ्यांसाठी वैद्य नेमलेले असतात, असे त्यांनी तपशिलाने मांडले आणि छत्रांचे उत्पन्न तोडू नये अशी विनंती केली. राज्य सोडून देताना राजाने ज्या गोष्टींसाठी लेखणी उचलली त्या या होत्या. प्रदेशावरचा हक्क गेला होता. प्रदेशातून जाणाऱ्या माणसाच्या भुकेची आणि दुखण्याची जबाबदारी मात्र त्यांनी सोडली नाही. धन्वंतरी महालातील बाग हा याच जबाबदारीचा विस्तार होता. तिला केवळ राजाचा छंद म्हटले, तर तिचा अर्थच नाहीसा होतो.

बाग करणे म्हणजे मर्यादा समजून घेणे, याचा उत्तम पाठ किनाऱ्यावरची वनस्पती देते. तंजावूरच्या राजवाडा परिसरात मर्यादावेल लावावयाची झाल्यास कावेरीकाठच्या माळ्याला आपले बहुतेक शिक्षण बाजूला ठेवावे लागते. शहराच्या उत्तरेस कावेरीच्या फाट्यांनी आणून टाकलेला काळा गाळ आहे आणि नैर्ऋत्येस वल्लमच्या बाजूला लाल माळजमीन. गाळाची जमीन पाणी धरून ठेवते. भाताला ते वरदान असले तरी या वेलीची मुळे तशा ओलीत कुजतात. म्हणून जमिनीपेक्षा उंच असा वाफा करून त्यात नदीची जाडी वाळू भरावी लागते. जागा अशी निवडावी लागते की जेथे उंच भिंतींची सावली दिवसभरात फारशी पडत नाही. चौकांनी आणि सज्ज्यांनी वेढलेल्या राजवाड्यात अशी जागा शोधणे हेच पहिले काम होय.

बियांचे कवच कठीण असते. समुद्रातून महिनोन्महिने तरंगत जाऊनही जे बी जिवंत राहते, ते माळ्याच्या पाण्याने सहजासहजी भिजत नाही. बी खरबरीत दगडावर हलके घासून त्याचे कवच एका बाजूने पातळ करावे, रात्रभर पाण्यात ठेवावे आणि फुगल्यानंतर बोटाच्या पेराइतके खोल पेरावे. फांदीपासून रोप करणे याहून सोपे. दोनतीन पेरांचा तुकडा वाळूत आडवा दाबून ठेवला की पेरांपाशी मुळे फुटतात. मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे, नंतर हात आखडता घ्यावा. शेणखत घातल्यास पाने माजतात आणि फुले कमी होतात. तंजावूरला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. त्या काळात वाफ्यात पाणी साचणार नाही एवढी खबरदारी घेतली की वेलीला दुसरे काही लागत नाही. एक गोष्ट मात्र करावी लागते. वाळूवर कित्येक मीटर धावणारी ही वेल वाफ्याच्या कडेशी थांबत नाही आणि पुढे टाकलेल्या प्रत्येक पेराशी नवे मूळ धरते. समुद्राला मर्यादा घालणाऱ्या वेलीला बागेत माळ्याच्या कोयत्याने मर्यादा घालावी लागते.

या लागवडीतून एक महत्त्वाचे सत्य हाती येते. मर्यादावेलीला मीठ लागते असा समज आहे, परंतु तो बरोबर नाही. गोड्या पाण्यावर, नदीच्या वाळूत ती चांगली वाढते. मीठ तिला हवे असते असे नाही, ते तिला सोसते. सुपीक जमिनीवर गवते आणि झुडपे दाटी करतात आणि तेथे तिचा टिकाव लागत नाही. मीठ, वारा, तापलेली वाळू आणि उडून येणारी रेती यांच्यापुढे इतर वनस्पती हार खातात, म्हणून किनाऱ्याची रिकामी पट्टी तिच्या वाट्याला येते. वाळूचा थर अंगावर आला तर ती वर डोके काढते आणि गाडल्या गेलेल्या पेरांना मुळे फोडते. जे इतरांनी टाकून दिले त्यात घर करणे ही तिची शक्ती होय. कंपनीने ज्या गोष्टी घेण्याजोग्या मानल्या नाहीत, त्या ग्रंथ, रोगनिदाने, चित्रे आणि झाडपाला यांत सरफोजींनी आपले राज्य मांडले. हे साम्य अलंकारासाठी शोधलेले नाही. १७९९ च्या तहाची कलमे आणि सरस्वती महालाची सूची शेजारी ठेवून वाचली तर ते आपोआप समोर येते.

तंजावूर हे फुलांचे शहर आहे. निरनिराळी फुले आणि सुगंधी पाने एकत्र ओवून केलेली ‘कदंबम्’ ही तेथील माळ प्रसिद्ध आहे. अडुम्बुच्या फुलाला तिच्यात स्थान नाही, कारण दुपारपर्यंत कोमेजणारे फूल बाजारात टिकत नाही. किनाऱ्यावरील लोकांनी तिचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. पानांचा रस सुजेवर आणि दुखण्यावर लावण्याची रीत अनेक देशांच्या किनाऱ्यांवर आढळते. थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर तो लावला जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील औषधशास्त्रज्ञांनी पानांच्या अर्काचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत तपासला. लोकांच्या अनुभवातील उपचार घेऊन त्याची पारख करावयाची, हीच धन्वंतरी महालाची पद्धत होती.

सरफोजींनी किनाऱ्यावर आपली खूण ठेवली ती मात्र फुलाची नव्हे, दगडाविटांची होती. पट्टुक्कोट्टैजवळच्या समुद्रकाठी त्यांनी १८१४–१५ मध्ये एक षट्कोनी, आठ मजली वास्तू उभारली. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. तमिळ प्रदेशात आजही ती ‘मनोरा’ याच नावाने ओळखली जाते. युरोपातील युद्धाचा, कंपनीच्या विजयाचा आणि राज्य गमावलेल्या राजाच्या राजनिष्ठेचा हा दगडी पुरावा आहे. सरफोजींच्या जीवनातील विसंगती येथे झाकता येत नाही. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच विजयाचे स्मारक आणि त्यांच्याच शास्त्राचा स्वीकार, या दोन गोष्टी एकाच हातून झाल्या. त्यांपैकी एकीत पराधीनतेची खूण आहे आणि दुसरीत स्वतंत्र बुद्धीची. एकीकडे पाहून दुसरीकडे डोळेझाक करणारा इतिहास अपुरा ठरतो.

१८३२ मध्ये सरफोजीराजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे हे १८५५ मध्ये औरस पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने गादी खालसा केली. किल्ला, जवाहीर, शस्त्रे आणि ग्रंथ यांसह सर्व मालमत्तेवर जप्ती आली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांना यश आले. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेची कृती असून तिचा न्यायनिवाडा करणे न्यायालयाच्या अधिकारात येत नाही, असे तिचे म्हणणे होते. न्यायाने स्वतःच आपली मर्यादा येथे आखून घेतली आणि राजवाड्यातील विधवा त्या रेषेच्या बाहेर राहिल्या. पुढे राजघराण्याला खाजगी मालमत्ता परत मिळाली. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, मराठी आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर मोडी कागदांचे रुमाल तेथे आजही अभ्यासकांची वाट पाहतात.

ग्रंथ उरले, कारण ग्रंथाला राखणारा पुरतो. बागेला मात्र रोज कसणारा लागतो. धन्वंतरी महालातील वाफे आता नोंदींतून आणि चित्रांतूनच भेटतात. याउलट, ज्या वेलीची कोणी बाग केली नाही ती किनाऱ्यावर आपल्या बळावर उरली. १८५५ हेच वर्ष तंजावूरच्या मुलखात जन्मलेल्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचेही जन्मवर्ष होय. ताडपत्रांत मिटून गेलेले संगम वाङ्मय शोधून, शुद्ध करून त्यांनी ते छापून काढले. ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये आणि ‘कुरुंदोहै’ १९३७ मध्ये त्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. अडुम्बुचे दोन हजार वर्षांपूर्वीचे रूप त्यामुळे पुन्हा वाचकांपुढे आले. वाळूतील वेल आणि काव्यातील वेल एकच आहे, हे ताडून पाहणे आता शक्य झाले.

या ताडून पाहण्याला आज निराळे गांभीर्य आले आहे. १९९१ मध्ये जुन्या तंजावूर जिल्ह्यातून वेगळा झालेला नागपट्टणम् जिल्हा २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सर्वाधिक पोळला. तेथे सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर किनारा सुरक्षित करण्यासाठी सुरूच्या झाडांचे सलग पट्टे लावण्यात आले. अशा लागवडीखाली मूळची बुटकी वनस्पती झाकली जाते आणि कासवांना अंडी घालण्यास मोकळी वाळू उरत नाही, असा आक्षेप पर्यावरणाच्या अभ्यासकांनी नोंदविला. नोव्हेंबर २०१८ मधील गाजा चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै व पेरावूरणीच्या बाजूच्या नारळबागा आडव्या केल्या. उंच झाडावर वाऱ्याची पकड बसते, जमिनीला चिकटून असलेल्या वेलीवर ती बसत नाही.

मर्यादावेल लाट अडविते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती अडविते ती वाळू. वाऱ्याने उडणारे कण तिच्या पानांपाशी आणि देठांपाशी साठतात, त्यांचा उंचवटा होतो, उंचवट्यावर इतर वनस्पती येतात आणि असा वाढत गेलेला वाळूचा बांध एखाद्या दिवशी लाटेला सामोरा जातो. हे काम सावकाश चालते आणि त्याला मोकळी वाळू लागते. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकाडांना संवेदनशील भाग म्हणून संरक्षण दिलेले आहे. तेथून वेल उपटून बागेत आणणे म्हणून योग्य नव्हे. गळून पडलेल्या चार बिया बागेला पुरेशा होतात.

राजवाड्याच्या अंगणातील वाळूचा वाफा हा समुद्राचा पर्याय होऊ शकत नाही. पण ग्रंथालयात हस्तलिखित वाचून बाहेर आलेल्या विद्यार्थ्याला तेथे एका शब्दाचा अर्थ पानाफुलासह पाहता येतो. सरफोजींच्या चित्रकारांना हेच अभिप्रेत होते. चित्राशेजारी नाव, नावाशेजारी झाड आणि झाडाशेजारी त्याचा गुण, अशी ती ज्ञानाची मांडणी होती. तिच्यातील झाड वगळले तर उरतो तो शब्दकोश. मर्यादावेलीची पाच-सहा पेरे सकाळच्या उन्हात रुजलेली असली, तर आपटा, हरिण आणि बकरी या तिन्ही उपमा एकाच पानावर कशा बसल्या हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.